एका रेघेची चूक

आयटीआयमध्ये टर्नरचा अभ्यासक्रम पूर्ण करून मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका लेथ वर्कशॉपमध्ये कामाला लागलो, तेव्हा मोजमापातले सगळे आपल्याला येते अशी माझी समजूत होती. तेथील मिस्तरी बार कापताना सुतात बोलत, ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये वाचत आणि शेवटचा हात फिरवताना थाऊ या बारीक मापावर येत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर, हे मला घरच्या सुतारकामामुळे ठाऊक होते. फसलो तो थाऊमध्ये.

मे महिना होता आणि कापसाच्या लागवडीपूर्वी पंप सुरू व्हावेत म्हणून दुरुस्तीची रीघ लागली होती. मला २५ मिलिमीटर बोअरच्या, म्हणजे आतल्या व्यासाच्या, ६२०५ बेअरिंगसाठी शाफ्ट करायचा होता. बेअरिंग घट्ट बसावे म्हणून शाफ्टचा व्यास २५.००२ ते २५.०१५ यांच्या दरम्यान हवा होता, म्हणजे सूट अवघी १३ मायक्रॉनची, मिलिमीटरच्या १३ हजारांशांची. मिस्तरी म्हणाले, “पॉलिशला एक थाऊ ठेव, भाऊ.” मी मायक्रोमीटरची एक रेघ, म्हणजे ०.०१ मिलिमीटर, जास्त ठेवली. एमरी, म्हणजे पॉलिशचा कागद, मारल्यावर व्यास २४.९९ भरला आणि बेअरिंग हातानेच आत सरकले. असा शाफ्ट चालवला तर आतली रिंग त्यावर फिरत राहते आणि शाफ्ट झिजतो, त्यामुळे तो भंगारात गेला.

मिस्तरी रागावले, पण दोष समजावून सांगितल्याशिवाय राहिले नाहीत. ते इंची मायक्रोमीटरवर शिकलेले होते. त्याच्या स्क्रूला इंचात ४० आटे आणि थिंबलवर, म्हणजे फिरत्या नळीवर, २५ रेघा असतात, म्हणून तेथे एक रेघ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, २५.४ मायक्रॉन, आणि तोच थाऊ. माझ्या मिलिमीटरच्या मायक्रोमीटरची एक रेघ १० मायक्रॉनची होती. दोघेही मनात एकच रेघ धरून बोलत होतो.

त्या रविवारी चोपडा तालुक्यातील आमच्या शेतात गेलो, तर टरबुजाच्या वाफ्यावर २५ मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा मल्चिंग पेपर अंथरलेला होता. वडील गेली कित्येक वर्षे दुकानात मायक्रॉन विचारूनच तो घेतात. त्याची कड चिमटीत धरली तेव्हा एक थाऊ बोटांना प्रथमच कळला.

दुसऱ्या शाफ्टच्या वेळी मी २५.०३५ वर थांबलो. शिवाय लेथवरून उतरलेला जॉब लगेच मोजला नाही, कारण पोलाद मीटरला एका अंशामागे सुमारे ११.५ मायक्रॉन वाढते, आणि जॉब मायक्रोमीटरपेक्षा ३० अंशांनी गरम असला तर २५ मिलिमीटरच्या व्यासात साडेआठ मायक्रॉनचा फरक पडतो, म्हणजे निम्म्याहून अधिक सूट उष्णतेतच संपते. निवल्यावर एमरी मारली, पुन्हा मोजले, २५.०१ भरले. मिस्तरींनी पाइपचा तुकडा आतल्या रिंगवर टेकवून हातोडीने बेअरिंग बसवले आणि काही न बोलता पुढचा बार माझ्याकडे सरकवला. “याला दीड थाऊ,” ते म्हणाले. मी लेथच्या पत्र्यावर खडूने ०.०३८ लिहिले.