तुम्ही विचारलेत म्हणून : ‘हा बाकीच्यांसारखा होईल ना?’

नवजात विभागाच्या दाराशी चपला काढून, कोपरापर्यंत हात धुऊन आत येणारी आई पहिले काही दिवस एकच प्रश्न विचारते : बाळ वाचेल ना? पुढे नाकातली नळी निघते, बाळ वाटी-चमच्याने दूध घेऊ लागते, वजनाचा काटा रोज वीस-पंचवीस ग्रॅमने पुढे सरकतो, आणि मग प्रश्न बदलतो. अमळनेर-पारोळ्याकडची आजी तो अहिराणीत विचारते, “बाई, हाऊ बाकीना पोऱ्यासना मायक व्हई ना?” रावेरकडचे वडील केळीच्या बागेतून तडक आलेले असतात, ते नजर खाली ठेवून तेच विचारतात. हे मूल पुढे इतर मुलांसारखे होईल का? जळगाव जिल्ह्यात अनेक वर्षे अकाली जन्मलेल्या बाळांवर उपचार करताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले.

थोडक्यात उत्तर असे, की बहुतेक मुले होतात. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला आपण अकाली म्हणतो, आणि अशा बाळांपैकी बरीचशी ३२ आठवड्यांनंतर जन्मलेली असतात. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या पदरात काहीतरी टाकतो. म्हणूनच ‘सातव्यातले जगते, आठव्यातले जगत नाही’ हा आपल्याकडचा समज पूर्णपणे चुकीचा आहे आणि त्यापायी आठव्या महिन्यातल्या बाळाची आशा सोडणाऱ्या घरांविषयी मला फार वाईट वाटते. परंतु ‘बहुतेक’ या शब्दात तुमचे बाळ आहे की नाही, हे घरी जाण्याच्या दिवशी कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. ते पुढच्या महिन्यांत, कधी पुढच्या वर्षांत उलगडते, आणि ज्या मुलांना आईवडील पुन्हा पुन्हा घेऊन आले त्यांच्याच बाबतीत ते वेळेवर कळते.

हे मी केवळ अनुभवावरून म्हणत नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळातल्या, जन्मतः दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. त्या मुलांची बुद्धिमत्ता सर्वसाधारण मर्यादेत होती, मात्र पुऱ्या दिवसांनी, पुऱ्या वजनाने जन्मलेल्या मुलांच्या तुलनेत ती काहीशी कमी भरली. जी बाळे अकाली होती आणि आठवड्यांच्या मानानेही बारीक होती, ती सर्वांत मागे राहिली. बाराव्या वर्षी काहींना वाचन आणि गणित जड जात होते. आपल्या भाषेतल्या, आपल्यासारख्याच घरांतल्या मुलांबद्दलचे हे उत्तर आपल्याला मिळाले, कारण ती कुटुंबे मूल धडधाकट दिसत असतानाही अठरा वर्षे बोलावल्यावर येत राहिली. या अभ्यासाबद्दल मला संशोधकांइतकाच त्या आईवडिलांविषयी आदर वाटतो.

मूल परत आले नाही तर वैद्यकशास्त्रही कसे फसते, याची उदाहरणे याच क्षेत्रात आहेत. १९९० च्या दशकात कृत्रिम श्वासावर असलेल्या अकाली बाळांना जन्मानंतर पहिल्याच दिवसांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड औषध देत असत. बाळ यंत्रावरून लवकर निघत असे, आणि सगळ्यांना हायसे वाटत असे. तैवान आणि इस्रायलमधल्या डॉक्टरांनी त्या मुलांना पुढे बोलावून तपासले, तेव्हा त्यांच्यात मेंदूच्या इजेमुळे हातपाय आखडण्याचे, म्हणजे सेरेब्रल पाल्सीचे प्रमाण जास्त आढळले, आणि ते औषध सरसकट देणे थांबले. कॅफिनची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. श्वास घेण्याचे विसरणाऱ्या बाळांना ते दिले जाते, पण त्याने मेंदूवर वाईट परिणाम होईल अशी भीती होती. २,००६ बाळांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीत दीड-पावणेदोन वर्षांच्या वयात मुले तपासली, तर कॅफिन मिळालेल्यांत सेरेब्रल पाल्सी कमी होती. दोन्ही औषधांचा खरा गुण-दोष रुग्णालयात दिसला नव्हता, तो घरी गेलेल्या मुलांनी दाखवला. (येथे एक खुलासा आवश्यक आहे : प्रसूती लवकर होण्याची चिन्हे दिसताच आईला दिली जाणारी स्टेरॉइडची इंजेक्शने ही निराळी गोष्ट आहे. लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली न्यूझीलंडमध्ये त्यांचा उपयोग दाखवून दिला, आणि त्यांनी बाळाची फुप्फुसे तयार होण्यास मदत होते. डॉक्टरांनी ती सांगितली तर नाकारू नका.)

आता आपल्या घरातली गोष्ट. महाशिवरात्रीला ३१ व्या आठवड्यात जन्मलेला एक मुलगा पोळ्याच्या आसपास तपासणीला आला. आजीचा चेहरा उतरला होता. “धाकट्या सुनेचा याच महिन्यातला, तो पालथा पडून पुढे सरकतो, आणि याला अजून धड पालथे पडता येत नाही,” असे त्या म्हणाल्या. मी विचारले, “आजी, याची तारीख कधीची होती?” त्या म्हणाल्या, “आखाजीची,” म्हणजे अक्षय्य तृतीयेची. मग आम्ही दोघींनी मिळून आखाजीपासून पोळ्यापर्यंतचे महिने बोटांवर मोजले. चार भरले. मी त्याला पाठीवर निजवून लाल लोकरीचा गोंडा त्याच्या डोळ्यांसमोर धरला. त्याने तो एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नजरेने पकडून ठेवला, दोन्ही हात छातीशी एकत्र आणले, मुठी उघडल्या आणि आजीकडे पाहून मोठ्याने हसला. दोन्ही हात धरून उठवले तेव्हा मानही मागे न पडता सोबत आली. चार महिन्यांच्या मुलाने जे करावे ते सर्व तो करत होता. अकाली बाळाचे वय दोन वर्षांपर्यंत असे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचे असते. जन्मदिवसापासून मोजले तर घरात विनाकारण काळजी शिरते आणि कित्येकदा तिचा दोष सुनेच्या माथी मारला जातो. लस मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायची.

याउलट, काळजी करण्याजोगे असते ते घरच्यांना पुष्कळदा दिसतच नाही. लंगोट बदलताना पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर येणे, चार महिन्यांनंतरही अंगठा मुठीत दाबलेला असणे, नेहमी एकाच हाताने वस्तू घेणे, या गोष्टी ‘बाळ मजबूत आहे’, ‘डावखुरे दिसते’ असे म्हणून सोडून दिल्या जातात. वास्तविक याच वयात व्यायामोपचार सुरू झाले तर त्यांचा उपयोग सर्वाधिक होतो.

सर्वांत जास्त मला डोळ्यांविषयी बोलायचे आहे, कारण तेथे एक ओझे मी स्वतः वागवते. उमेदवारीच्या काळात, मी काम करत असलेल्या एका रुग्णालयातून १,३०० ग्रॅमच्या एका मुलीला घरी पाठवले. कार्डावर डोळे तपासण्याची तारीख लिहिली होती, परंतु ती का महत्त्वाची आहे हे मी तोंडाने सांगितले नाही. ‘सगळे चांगले आहे’ एवढेच सांगितले. घरच्यांनी त्याचा अर्थ सरळ घेतला. पाच महिन्यांनी ती आली तेव्हा भुवयांपर्यंत रेखीव काजळ घातलेले होते, आणि त्या काजळाच्या मधोमध बाहुलीत पांढरट झाक होती. अकाली बाळाच्या दृष्टिपटलावरच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अपुऱ्या असतात, त्या जन्मानंतर वेड्यावाकड्या वाढू शकतात आणि पडदा ओढून सुटा करू शकतात. डोळा बाहेरून अगदी सुंदर दिसतो. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या प्रत्येक बाळाचा पडदा तिसाव्या दिवसाच्या आत तपासला गेला पाहिजे, फारच लहान बाळांचा त्याहूनही आधी. आणि लेसरची गरज निघाली तर ते दोन-तीन दिवसांत व्हावे लागते. त्या मुलीच्या बाबतीत ती वेळ कधीच निघून गेली होती. तेव्हापासून मी ही तारीख आईकडून, वडिलांकडून आणि आजीकडून, तिघांकडूनही मोठ्याने वदवून घेतल्याशिवाय सुट्टीच्या कागदावर सही करत नाही.

‘घरी आम्ही काय करावे?’ असेही तुम्ही विचारता. बाळाला उघड्या छातीशी धरा. १९७८ साली बोगोटा येथे इन्क्युबेटर अपुरे पडत असल्यामुळे सुरू झालेली ही कांगारू पद्धत केवळ गरिबांचा पर्याय राहिलेली नाही. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांतल्या रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मानंतर लगेच ती सुरू केल्यास लहान बाळांचे मृत्यू सुमारे चतुर्थांशाने कमी झाले. बोगोटातल्या मुलांना वीस वर्षांनी तपासले, तेव्हा छातीशी वाढलेली मुले शाळा कमी चुकवणारी आणि कमी आक्रमक निघाली. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो आणि ‘एवढ्या उन्हात अंगाशी कसे धरावे’ असे सुना विचारतात, तो प्रश्न रास्त आहे. उन्हाळ्यात टोपी, गोधडी, लोकरी झबले बाजूला ठेवा, फक्त लंगोट आणि वरून पातळ सुती पदर असू द्या, आणि काखेतले तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांच्या दरम्यान आहे ना ते पाहा. वडिलांनीही धरावे. धडगावकडचा एक पावरा आदिवासी तरुण सुरतेहून काम सोडून आला होता. तो दुपारभर मुलीला छातीशी धरून बसे आणि तिचा श्वास त्याच्या श्वासाबरोबर वरखाली होताना आम्ही सगळे पाहत असू.

मूल परत आणणे किती अवघड असते, हे मला ठाऊक आहे. कापूस वेचणीला आला की एका दिवसाची मजुरी बुडते, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावाहून दोन बस बदलाव्या लागतात, आणि जिथे बाळ हसते-खेळते आहे तिथे ‘कशाला उगाच’ हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. म्हणून आम्ही तारखा बाजारचा दिवस आणि वेचणी पाहून लावतो, कान, डोळे, डोक्याचा घेर आणि हालचाल एकाच फेरीत तपासतो. तुम्ही फोन करून तारीख पुढे ढकललीत तरी मला राग येत नाही. फक्त डोळ्यांची ढकलू नका.

पोळ्याला हसलेला तो मुलगा आता तिसरीत आहे. तो धावतो, भांडतो, गोष्ट रंगवून सांगतो, परंतु हातच्याची बेरीज त्याला जमत नाही आणि फळ्यावरचे वहीत उतरवताना तो मागे पडतो. पुण्याच्या अभ्यासात जे दिसले त्याच्याशी हे जुळते. त्याच्या आईने शाळेत बाईंना भेटून तो नऊ आठवडे आधी जन्मला होता हे सांगितले, बाईंनी त्याला पुढच्या बाकावर घेतले, आणि आम्ही त्याची दृष्टी व गणिताची क्षमता पुन्हा तपासायला घेतली आहे. पुढची तारीख दिवाळीच्या सुट्टीतली आहे, आणि आजीने ती कालनिर्णयावर लाल पेनाने गोल करून ठेवली आहे.