गटाची वेबसाइट, नोंद ४ : नेव्हबार, लोगो आणि एक न सापडणारा ‘ऱ्या’

मागच्या नोंदीत ‘साइट जवळपास झाली’ असं लिहिलं होतं. ते वाक्य मागे घेतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: चौघांचा गट, सत्राचा प्रकल्प, विषय वापरलेल्या पाठ्यपुस्तकांची देवाणघेवाण. ज्याच्याकडे पुस्तक आहे त्याने फॉर्म भरायचा, ज्याला हवंय त्याने यादीत शोधायचं. साधं एचटीएमएल (पानाचा मजकूर आणि रचना), सीएसएस (पानाचं दिसणं), हाताने लिहिलेलं थोडं जावास्क्रिप्ट (पानावरचा प्रोग्रॅम), आणि साइट ठेवायला गिटहब पेजेस ही सेवा. फ्रेमवर्क, म्हणजे आयता सांगाडा, घ्यायचं नाही हे पहिल्याच दिवशी ठरलं. अजून न बदललेला आमचा तेवढाच एक निर्णय.

कामाची वाटणी पानांप्रमाणे केली होती. मुख्य पान पहिलीकडे, यादी माझ्याकडे, फॉर्म तिसऱ्याकडे, ‘आमच्याविषयी’ चौथीकडे. ज्याचं पान त्याचं, म्हणजे वाद नको. पण नेव्हबार, म्हणजे सगळ्या पानांवरची दुव्यांची पट्टी, कुणाचा? प्रत्येकाने तो आपापल्या पानात चिकटवला आणि आपल्या आवडीप्रमाणे थोडा थोडा सजवला. ‘यादी’चं ‘पुस्तकं’ करायचं ठरलं तेव्हा चार ठिकाणी बदल करावा लागला, आणि तीनच ठिकाणी झाला. शेवटी नेव्हबार जेकिल या साइट जुळवणाऱ्या साधनाच्या इन्क्लूडमध्ये, म्हणजे सगळ्या पानांत ओढल्या जाणाऱ्या एकाच फाइलमध्ये, टाकला. गिटहब पेजेसवर जेकिल आधीपासूनच असतं, त्यामुळे वेगळं काही बसवावं लागलं नाही. हे पहिल्या आठवड्यात केलं असतं तर वाटणीही पानांऐवजी भागांप्रमाणे झाली असती.

सीएसएसची गत तीच. फॉर्मवाल्याने आयडीवर (एकाच घटकाचं खास नाव) नियम लिहिले होते, मी क्लासवर (अनेकांना लावता येणारं नाव). आयडीपुढे कितीही क्लास रचले तरी आयडीच जिंकतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण समोर बटण निळं व्हायला तयार नाही तेव्हा ते आठवत नाही. मग मी इम्पॉर्टंट (‘हाच नियम वरचढ’ असा शेरा) लावलं, त्यावर मात करायला त्याने लावलं. एका संध्याकाळी दोघांनी बसून सगळे उपटून काढले. स्टाइलसाठी आता फक्त क्लास, आयडी लेबलं आणि जावास्क्रिप्टसाठी.

आता गिट, म्हणजे सगळ्यांचे बदल नोंदवून एकत्र आणणारं साधन. ज्यांनी गटात काम केलंय ते हसतील, हसू द्या. चौथीने रंगाची एक ओळ बदलली आणि गिटने अख्खी फाइल बदलल्याचं दाखवलं. तिच्या एडिटरमध्ये सेव्ह करताना फाइल आपोआप नीट मांडणारी सोय चालू होती. त्या सोयीने टॅबच्या जागी स्पेस केल्या, वर ओळींचे शेवटही विंडोजच्या पद्धतीचे केले. त्याच फाइलमध्ये मी दोन ओळी बदलल्या होत्या. कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे कुणाचा बदल ठेवायचा हे गिटला ठरवता येईना. तो सोडवला असं समजून कमिट केलं (नोंदवलं), पुश केलं (गिटहबवर पाठवलं), आणि यादीच्या पानावर सर्वांत वर दिसू लागलं: सात ‘<’ आणि पुढे हेड हा शब्द. कॉन्फ्लिक्टच्या खुणा न काढताच फाइल गेली होती. ब्राउझर बिचारा कुरकुर करत नाही, मजकूर समजून छापून टाकतो. दीड दिवस ते तसंच होतं आणि आमच्यापैकी कुणीही साइट उघडून बघितली नव्हती. आता एडिटरची मांडणी सगळ्यांची एकच, गिटअ‍ॅट्रिब्यूट्समध्ये ओळींच्या शेवटांचा नियम, आणि मेन शाखेवर, म्हणजे मुख्य प्रतीवर, थेट पुश बंद. दुसऱ्या कुणीतरी नजर टाकल्याशिवाय काही आत जात नाही.

लोगोचं प्रकरण छोटं पण चिवट. ‘माझ्याकडे तर दिसतोय’ असं तिघं म्हणत होते आणि साइटवर मात्र फुटकं चित्र. फाइलच्या नावात एल कॅपिटल, कोडमध्ये लहान. विंडोजला दोन्ही सारखेच, सर्व्हरला नाहीत. नाव बदललं तर गिटला बदल झाल्याचं कळेचना, कारण विंडोजवर तोही लहान-मोठ्यातला फरक मोजत नाही. गिट एमव्हीने (नाव बदलायची आज्ञा) आधी भलतंच नाव दिलं, मग हवं ते दिलं, तेव्हा सुटलं. आता सगळी फाइलनावं लहान अक्षरांत.

फॉर्मवर सर्वांत जास्त वेळ जाईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही, पण घाम तिथेच फुटला. गिटहब पेजेस फक्त फाइली देतं, भरलेली माहिती घेऊन ठेवायला तिथे काहीच नाही. म्हणून गूगल फॉर्म, त्यातून शीट, आणि ती शीट सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर) म्हणून प्रकाशित करून यादीच्या पानावर वाचायची. दुपारभरात चाललं. आम्ही खूश. रात्री मुख्य पानवालीचा निरोप आला: ‘अरे, तो सीएसव्हीचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडून बघ.’ उघडला. पुस्तकांसोबत सगळ्यांचे फोन नंबर. पानावर आम्ही ते दाखवत नव्हतो एवढंच, आडोसा काहीच नव्हता. लगेच प्रकाशन थांबवलं. त्याच शीटमध्ये दुसरा टॅब केला, त्यात क्वेरीच्या सूत्राने पुस्तकाचं नाव, विषय आणि वर्ष एवढेच रकाने आणले, आणि तेवढाच टॅब प्रकाशित केला. संपर्क आता आमच्या गटाच्या मेलवरून. हळू आहे, पण झोप लागते. सुदैवाने तोवर फॉर्म भरणारे आम्ही चौघंच होतो.

आणि देवनागरी. यावर स्वतंत्र नोंद लिहायला हवी. शीर्षकासाठी मुख्य पानवालीने निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नव्हती. अशा वेळी ब्राउझर न सांगता त्या यंत्रावरचा दुसरा फॉन्ट उचलतो, त्यामुळे चौघांच्या पडद्यांवर चौघांची साइट वेगळी आणि प्रत्येकाचं मार्जिनबद्दलचं मत वेगळं. त्यातच लेटर स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवलेलं. इंग्रजीत ते ऐटबाज दिसतं, आपल्याकडे शिरोरेखेचे तुकडे होतात. ओळीची उंची १ आणि ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेर जाईल ते झाकायचं) असल्यामुळे वेलांट्यांचे शेंडेही छाटले जात होते. मुक्त फॉन्ट जोडला, स्पेसिंग शून्य केलं, उंची दीडच्या पुढे नेली.

पण खरी मजा शोधपेटीत. ‘दुसऱ्या वर्षाचं गणित’ यादीत डोळ्यांसमोर आहे, आणि शोधलं तर शून्य निकाल. कॉपी करून टाकलं तर सापडतं. मी दोन दिवस माझ्याच जावास्क्रिप्टवर संशय घेत होतो. शेवटी दोन्ही शब्दांची अक्षरं युनिकोडच्या आकड्यांत (यंत्रासाठी प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा) छापून पाहिली. माझा कीबोर्ड ‘ऱ्या’ लिहिताना ऱ आणि हलन्त देतो. पुस्तक टाकणाऱ्याचा कीबोर्ड साधा र, हलन्त आणि मागून झेडडब्ल्यूजे, म्हणजे न दिसणारं जोडचिन्ह देतो. डोळ्यांना एकच ‘ऱ्या’, यंत्राला दोन निराळे शब्द. एकाच अक्षराची निराळी रूपं एकसारखी करणारं जावास्क्रिप्टचं नॉर्मलाइझ वापरून बघितलं. र आणि खालचा नुक्ता (टिंब) असा सुटा लिहिलेला ऱ त्याने जोडला, झेडडब्ल्यूजेला मात्र हात लावला नाही. तो बदल स्वतः लिहावा लागला: यादीतलं नाव आणि शोधाचा शब्द, दोन्ही आधी एका साच्यातून काढायचे, मग जुळवायचे. ओळी तीन. आकड्यांचंही तिथेच उरकलं, देवनागरी दोन आणि इंग्रजी दोन आता एकच.

काल चौघांसमोर दाखवलं. ‘दुसऱ्या’ टाकलं, दोन्ही कीबोर्डांवरून, सगळी पुस्तकं आली. फॉर्मवाल्याने लॅपटॉप आपल्याकडे ओढला, ‘दुसरे वर्ष’ असं टाकलं आणि रिकामी यादी माझ्याकडे वळवली.