अंगात आलेले

‘फॅन’ला इंग्रजी शब्द म्हणायचं आता जिवावर येतं. ‘चाहता’ पेपरात भेटतो, लोकलच्या डब्यात मात्र सगळे फॅनच. हे ‘फॅनॅटिक’चं शेपूट छाटलेलं रूप. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बेसबॉलच्या वेड्यांसाठी ते रुळलं. आणखी मागे गेलं की लॅटिनमधला ‘फानुम’ लागतो, म्हणजे देऊळ. आणि ‘फानातिकुस’ म्हणजे देवळात ज्याच्या अंगात येतं तो. मराठी माणसाला याहून जास्त फोड करून सांगायला नको.

रोममध्ये बेलोना या युद्धदेवीचे पुजारी अंगात आलं की स्वतःच्या दंडावर वार करून रक्त काढत. हे वाचलं आणि मला थेट कार्टर रोड आठवला. १९६९च्या ‘आराधना’नंतर राजेश खन्नाला मुली रक्तानं पत्रं लिहीत, त्याची पांढरी गाडी लिपस्टिकच्या ठशांनी रंगवत. आमची मावशी हे रंगवून सांगते, पण कायम ‘बाकीच्या मुली’ म्हणून. तिला स्वतःबद्दल कुणी विचारत नाही. त्याचा तो कार्टर रोडवरचा ‘आशीर्वाद’ बंगला २०१४मध्ये विकला गेला, पुढे पाडलाही. आपण सिनेमावाल्यांना हसायचं कारण नाही म्हणा; बालगंधर्वांची साडी नेसण्याची तऱ्हा घरंदाज बायकांनी उचललीच होती की!

‘फानुम’चंच दुसरं पिल्लू ‘प्रोफेन’. हल्ली अर्थ अपवित्र, मुळात मात्र देवळापुढचा, म्हणजे बाहेरचा. आता बँडस्टँडला शाहरुख खानच्या मन्नत बंगल्यासमोर जाऊन बघा. शब्दाच्या हिशेबानं फॅन गाभाऱ्यात हवा. इथे तो फाटकाबाहेर, पोलिसाच्या काठीच्या पल्ल्यात. पण आपल्याकडे बाहेरच्यांची सोय जुनी आहे. आत जाता आलं नाही तर कळसाला हात जोडायचे, पावलं. लोक बंगल्याच्या पाटीसोबत सेल्फी काढतात ते हेच कळसदर्शन. २०२५मध्ये बंगल्याचं काम निघालं, शाहरुख पाली हिलला भाड्याच्या घरात गेला, तरी पाटीचे फोटो थांबले नाहीत. मला हे मुळीच वेडगळ वाटत नाही. आषाढीला पायरीवरूनच परतलेल्या माणसाची वारी आपण फुकट गेली म्हणतो का?

जुहूला ‘जलसा’वर निदान मुखदर्शन होतं. रविवारी अमिताभ बच्चन फाटकाशी येतात, हात जोडतात, आणि चपला-बूट काढूनच येतात. हितचिंतक हेच आपलं मंदिर, असं कारण त्यांनी स्वतः लिहिलं आहे. म्हणजे तिथे फाटकाबाहेरची गर्दी हे देऊळ आणि आतून अनवाणी येणारा तो भक्त. लॅटिन पंडितांनी याचा उलगडा करावा; तोवर जुहूच्या रिक्षावाल्यांची त्या गर्दीबद्दलची मतं इथे छापण्यासारखी नाहीत.