पेसाह शनिवारी आला तेव्हा

मे महिन्यात आमचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, ओस पडतं. कोणी अलिबाग-रेवदंड्याकडे गावी जातं, कोणी इस्राएलला लेकीसुनांकडे. म्हणून पेसाह या आमच्या सणाचा सामुदायिक सेदर, म्हणजे सणाच्या रात्रीचं विधीचं जेवण, ही सुट्टीआधीची शेवटची मोठी पंगत. 2025 साली पेसाहची पहिली रात्र 12 एप्रिलला, शनिवारी आली. म्हणजे एरवी ज्या दिवशी तयारीची धांदल असते, तो दिवसच शब्बाथ, शुक्रवार संध्याकाळी सुरू होणारा विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी आग पेटवायची नाही, आणि रात्रीसाठी टेबलंही मांडायची नाहीत. याआधी 2021 मध्ये असं झालं होतं, तेव्हा कोविडमुळे सेदर घरोघरी झाले. आता पुढचा असा योग 2045 साली. तेव्हा स्वयंपाकघर ज्यांच्या हाती असेल त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो.

सगळं एक दिवस अलीकडे ओढायचं. पेसाहला खमीर, म्हणजे पावासारखं धान्याचं आंबवलेलं अन्न, चालत नाही; ते घरात शोधायचं गुरुवारी रात्री, जाळायचं शुक्रवारी सकाळी. शब्बाथच्या जेवणापुरते दोन छोटे पाव वेगळ्या कोपऱ्यात ठेवायचे आणि शनिवारी सकाळी दहाच्या आत संपवायचे. सेदरच्या ताटातलं मिठाचं पाणी, भाजलेली नळी, उकडलेली अंडी, सगळं शुक्रवारीच.

खजुराचा शिराही, म्हणजे रव्याचा नव्हे तर खजुराचा दाट पाक, शुक्रवारीच. साठ माणसांना बिनबियांचा चार किलो खजूर लागतो. तो रात्रभर भिजवून कल्हईच्या पातेल्यात, बुडून वर चार बोटं पाणी ठेवून शिजवायचा आणि मलमलीतून पिळायचा. चोथ्यात परत गरम पाणी घालून दुसरं पिळणं घ्यायचंच, अर्धा गोडवा त्यात असतो. मग मंद आचेवर आटवायचं. शेवटची वीस मिनिटं उलथनं थांबलं की तळाला लागतं आणि कडवटपणा सगळ्या पातेल्यात उतरतो. गरम असताना शिरा पातळच दिसतो. थंड ताटलीवर थेंब टाकून बघावा. पसरला नाही तर उतरवावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी तो चमच्याने खरवडायला लागतो.

घोटाळा झाला तो सेदरला वाइनऐवजी पितात त्या मनुकांच्या शरबतात. माणशी चार पेले, पेल्याला साधारण 86 मिली, म्हणजे साठ जणांना वीस लिटरच्या वर. पाच किलो काळ्या मनुका धुऊन भिजवल्या, कुस्करल्या, गाळल्या. दार उघडलं की पेटू नये म्हणून फ्रिजमधला दिवा शब्बाथआधी काढून ठेवला होता. पण पाचातले दोन कॅन आत मावेनात, ते बर्फाच्या टबात ठेवले. एप्रिलच्या उकाड्यात बर्फ रातोरात वितळला. शनिवारी रात्री झाकण फिरवलं तर फस्सकन आवाज आणि तोंडाशी फेस. खमीर ठरतं ते पाच धान्यांचं, द्राक्षाचं नाही, त्यामुळे ते निषिद्ध नव्हतं. पण अर्धवट आंबलेलं शरबत मुलांच्या पेल्यात ओतवेना. जपून ठेवलेल्या द्राक्षरसाच्या बाटल्या काढल्या. गाळल्यावर शरबताला एक उकळी दिली असती तर ते टिकलं असतं.

सगळ्यात नाजूक गोष्ट ज्योत. सणाच्या रात्री नवी आग काढता येत नाही. जळत्या ज्योतीवरून मात्र दुसरी लावता येते. म्हणजे शुक्रवारी साडेसहाला लावलेला दिवा शनिवारी साडेसातपर्यंत, पंचवीस तास तेवायला हवा. आमच्या नेहमीच्या काचेच्या ग्लासात खोबरेल तेल रात्रभर पुरतं, पुढे नाही. म्हणून रुंद तोंडाच्या तीन बरण्या घेतल्या, प्रत्येकीत पाव किलो तेल आणि जाड वात. एवढं तेल असलं की ते संपून दिवे जात नाहीत, वातीवर काजळी धरून जातात, आणि शब्बाथला ती झाडता येत नाही. एक बरणी शनिवारी दुपारी विझली. उरलेल्या दोन्ही पंख्याच्या वाऱ्यापासून लांब, दाराआड होत्या.

साडेसातला चांदण्या दिसल्या. ‘बारूख हमवदिल बेन कोदेश लेकोदेश’ (पवित्र आणि पवित्र यांत भेद करणारा धन्य असो) म्हटलं आणि टेबलांवर पांढऱ्या चादरी पडायला लागल्या. मोठी माणसं खुर्च्या ओढत होती, मुलं ताटं वाटत होती. एका मेणबत्तीने बरणीतली ज्योत उचलून सणाचे दिवे लावले, त्याच ज्योतीवर गॅस लावून मटण गरम केलं. शब्बाथ संपून सण लागत असल्याने किद्दुश (सणाचा आशीर्वाद) आणि हवदाला (शब्बाथला निरोप देणारा आशीर्वाद) एकाच पेल्यावर झाले. एरवी हवदालाला सुगंध घेतात, तो या रात्री नाही. हझानांनी, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांनी, क्रम पाठ असूनही कागदावर लिहून घेतला होता: रस, किद्दुश, दिवा, हवदाला, शेहेहेयानू (हा दिवस दाखवल्याबद्दलचे आभार).

‘मा निश्तना’, म्हणजे ही रात्र वेगळी का असं विचारणारे चार प्रश्न, रविवारच्या वर्गातल्या सगळ्यात धाकट्या मुलीने म्हटलं, आधी हिब्रूत, मग मराठीत. मराठी अर्थासह हगादा, म्हणजे सेदरची पोथी, मुंबईत 1846 सालीच छापली गेली, तेव्हापासून हे प्रश्न आपल्या भाषेत विचारले जातात. तिने तिसरा प्रश्न गाळला. मागच्या टेबलावरच्या आजीने तो हळूच पुढे सरकवला, आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.