पट्टा बांधला आणि टर्की लागली

सिस्टरने दंडाला रबरी पट्टा बांधला. ती काही सांगायच्या आतच त्याने मूठ आवळली आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी कोपराच्या आतल्या बाजूला टिचक्या मारल्या. शीर वर काढायची ही सफाई साध्या पेशंटच्या हातात नसते. मग स्पिरिटचा बोळा फिरला आणि त्याला जांभई आली. पाठोपाठ दुसरी, तिसरी. डोळ्यांतून पाणी, नाक गळायला लागलं, हातावर काटा उभा राहिला. "मॅडमना बोलवा," म्हणत त्याने स्वतःच पट्टा ओढून काढला.

मी व्यसनमुक्तीच्या ओपीडीत समुपदेशक आहे. हा आमचा जुना पेशंट, इंजेक्शनने गर्द, म्हणजे हेरॉइन, घेणारा, जोडीला दारू. दोन्ही सुटून चार महिने झाले होते. नाल्ट्रेक्सोनची ५० मिलिग्रॅमची गोळी रोज चालू. ही गोळी मेंदूत गर्दने जिथे बसायचं ती जागा अडवून ठेवते, त्यामुळे घेतलं तरी नशा चढत नाही. दारूची ओढही तिने काहीशी कमी होते. गोळी चालू असताना यकृताची तपासणी करतात, त्यासाठीच तो आला होता. साखरही बघायची म्हणून उपाशीपोटी, आणि रात्रपाळी करून तसाच.

सिस्टर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "घेतलंय यानं." तिची शंका अगदी रास्त होती. मध्ये गोळी चुकवून कोणी गर्द घेतलं आणि वर पुन्हा गोळी घेतली, तर नेमकी अशीच टर्की, म्हणजे नशा तुटल्यावर होणारा शरीराचा त्रास, लागते; तीही तासन्‌तास छळणारी. डॉक्टरांनी लघवीची तपासणी सांगितली. त्याने निमूटपणे नमुना दिला, पण तोंड उतरलं. मी त्याला त्या खोलीपासून लांब, बाहेरच्या बाकावर नेलं.

अशा वेळी "मन घट्ट करा" म्हणणारे खूप भेटतात. मला या वाक्याचा मनस्वी कंटाळा आहे. चार महिने याने मन घट्ट केलं नव्हतं तर काय केलं होतं? तलफ आली म्हणजे निश्चय ढळला असं नसतं. १९४० च्या दशकात अब्राहम विकलर या डॉक्टरांनी अमेरिकेत लेक्सिंग्टनच्या रुग्णालयात हेच पाहिलं होतं: नशा सुटून महिने लोटलेले पेशंट गटात बसून नुसतं मालाविषयी बोलू लागले तरी जांभया देत, नाकं पुसत. जिथे, ज्या वस्तूंसोबत नशा झाली, त्या वस्तू दिसल्या की शरीर आपलं आपण कामाला लागतं. इथे तर पट्टा, सुई, स्पिरिटचा वास, सगळी सामग्री एका टेबलावर मांडलेली.

"तलफ दहापैकी किती?" मी विचारलं.

"नऊ. उठून जाऊ द्या मला."

"जाऊ, पण थोड्या वेळाने. कुठे जाणवतंय?"

"सगळीकडे."

"सगळीकडे नको. एक जागा सांगा."

थोडं थांबून म्हणाला, घशात. मग दंडात, पट्टा होता तिथे. मग पोटात. मी फक्त विचारत राहिले: गरम की गार, ताण की मुंग्या, वाढतंय की तसंच आहे. अ‍ॅलन मार्लट या मानसशास्त्रज्ञांनी या पद्धतीला अर्ज सर्फिंग म्हटलं: तलफेशी भांडायचं नाही, तिला हाकलायचंही नाही, लाटेसारखी चढते ती उतरेपर्यंत बघत राहायचं. पूर्वी हे समजावलं तेव्हा हा महाशय म्हणाला होता, "मॅडम, मला पोहता येत नाही." आज विनोद सुचत नव्हता. आठ झालं, पुन्हा नऊ झालं. तेव्हा तो चिडला, "वाढलं की!" वाढतं. सरळ रेषेत उतरत नाही, हे आधी सांगितलेलं असलं तरी त्या क्षणी ते फसवणुकीसारखंच वाटतं.

मध्येच त्याने एनएमधल्या (नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस, नशा सोडलेल्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) जुन्या मित्राला फोन लावला. काय बोलले ठाऊक नाही. एक शिवी ऐकू आली आणि पाठोपाठ हसू. अर्ध्या तासाच्या आत आकडा चारवर आला. जांभया थांबल्या होत्या. लघवीत काहीही सापडलं नाही. गोळीमुळे लागलेली टर्की इतक्यात ओसरली नसती, हेही डॉक्टरांनी सिस्टरला सांगितलं.

मी म्हटलं, खाऊन घ्या, रक्त नंतर बघू. भूक, राग, एकटेपणा, थकवा: तलफेला वाट करून देणाऱ्या या चौघांपैकी किमान दोन त्याच्या अंगावर होते. तो ऐकेना. "आज नाही दिलं तर या खोलीत मी परत येणार नाही." मग त्याला पलंगावर झोपवलं, तोंड भिंतीकडे. स्पिरिटऐवजी आयोडीनचं द्रावण घेतलं, कोपर सोडून हाताच्या पाठीवरची शीर निवडली. मूठ आवळायची नाही, हे सिस्टरने बजावलं. आकडा सहावर गेला आणि तिथेच राहिला. रक्त निघालं. फाइलवर डॉक्टरांनी तशी सूचना लिहून ठेवली.

खाणं झाल्यावर तो म्हणाला, "रिपोर्टचा फोटो मिळेल? घरी जांभई दिली तरी सगळे बघतात."

फोटो दिला, पण पुढच्या वेळी बायकोलाही घेऊन या म्हटलं. ती आली आणि तिने थेट विचारलं, "मग खरी टर्की कोणती आणि खोटी कोणती, मी कसं ओळखायचं?" मी सांगितलं, चेहरा बघून आम्हालाही ओळखता येत नाही, त्याला तपासणी आहे. तुम्ही आकडा विचारा. तो खाली येत नसेल तर त्या जागेवरून उठवा, जवळ पैसे ठेवू नका, आम्हाला फोन करा. आणि रोजची गोळी तुमच्या समोर घेऊ दे. गोळी सोडून मध्ये काही दिवस गेले आणि याने जुन्या अंदाजाने माल घेतला, तर शरीराला आता तेवढी सवय उरलेली नाही. श्वास थांबू शकतो. हे ऐकून ती गप्प झाली नाही. त्याच्याकडे वळून म्हणाली, "आत्ता किती?"

"तीन," तो म्हणाला. "तू विचारल्यावर चार."