तुम्ही विचारलंत म्हणून : जपानमध्ये शाकाहारी माणसाचे कसे भागते?

पुण्याला गेले की लग्नकार्यात नाहीतर सोसायटीच्या जिन्यात हा प्रश्न ठरलेला असतो. विचारणारी बहुधा एखादी आई असते, जिच्या मुलाला नुकतीच तोक्योतली नोकरी लागलेली असते : ‘तुम्ही इतकी वर्षे तिथे आहात, मग शाकाहारी राहून तुमचे भागते तरी कसे?’ मी आजवर ‘भागते हो, तांदूळ मिळतो, भाज्या मिळतात’ एवढ्यावर सुटका करून घेत आले. ते उत्तर खोटे नाही. पण पहिल्या वर्षी मला कोणी ते दिले असते, तर त्याचा काडीचाही उपयोग झाला नसता. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

नवा आलेला मराठी माणूस ‘निकु नाशी’, म्हणजे ‘मांस नको’, एवढे पाठ करून हॉटेलात जातो आणि तिथेच फसतो, कारण निकु या शब्दात मासा येत नाही. मग समोर काय येते? उकडून नीट रचलेली पालकाची जुडी, तळलेला तोफू, मिसो सूप, कुट्टूच्या पिठाच्या सोबा शेवया. दिसायला सगळे सोवळ्यातले. त्यात मासा शोधून सापडत नाही, कारण तो ताटात नसतोच. ज्या पाण्यात हे सारे शिजले किंवा भिजले, त्या पाण्यात तो असतो. त्या पाण्याला दाशी म्हणतात, आणि जपानी स्वयंपाकाचा बहुतेक डोलारा त्याच्यावर उभा आहे.

हे मला कळायला सात महिने लागले. आमच्या शेजारच्या आजी दर आठवड्याला एक डबा आणून देत : कधी लाल भोपळा, कधी मुळा, कधी कमळकाकडी. ‘फक्त भाजी ना?’ असे मी विचारी आणि त्या हसून मान डोलावत. एका दुपारी डबा परत करायला गेले (रिकामा डबा परत करायचा नाही ही आपली रीत तिथेही चालते, म्हणून आत रव्याचे लाडू होते), तर आजी स्वयंपाकघरात एका लाकडी पेटीपुढे बसून काहीतरी तासत होत्या. सुताराचा रंधा उलटा करून पेटीच्या झाकणात बसवावा तशी ती रचना होती. त्यावर त्या एक काळपट तपकिरी ढलपी दाबून पुढेमागे सरकवत होत्या आणि खर्र खर्र आवाज येत होता. मला वाटले, खुर्चीचा पाय तासत असतील. मग त्यांनी पेटीचा खण ओढला. आत गुलाबी झाक असलेल्या, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ अशा चुण्या होत्या. त्यांनी तसल्या दोन ढलप्या एकमेकींवर आपटून दाखवल्या, तेव्हा टणटण असा सुक्या लाकडाचा आवाज आला. तो मासा होता.

त्याला कात्सुओबुशी म्हणतात. कात्सुओ मासा चिरून मंद उकळत्या पाण्यात शिजवतात, काटे काढतात, लाकडाच्या धुरावर पुन्हा पुन्हा धुरी देऊन वाळवतात. उत्तम प्रतीच्या मालावर त्यानंतर मुद्दाम बुरशी चढवतात, उन्हात ठेवतात, ती पुसून काढतात आणि पुन्हा चढवतात. ही बुरशी उरलेसुरले पाणी शोषते आणि चरबीही फोडते, म्हणून पुढे दाशीवर तेलाचा तवंग येत नाही. या सगळ्याला महिनोन्‌महिने लागतात. कागोशिमातले माकुराझाकी आणि शिझुओकातले याइझु ही गावे याच धंद्यावर नावारूपाला आली. कात्सुओच्या चित्रलिपीतल्या अक्षराचे दोन भाग आहेत, ‘मासा’ आणि ‘कठीण’. दुकानातल्या पाकिटांवर ते अक्षर ओळखता येणे ही शाकाहारी माणसाची जपानमधली खरी मुंज.

‘मग माझ्या डब्यांतही हे होते?’ मी विचारले. आजी मनापासून गोंधळल्या. ‘पण चुण्या मी गाळून टाकल्या होत्या,’ त्या म्हणाल्या, ‘ते तर नुसते पाणी.’ आठ दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही, याची आता लाज वाटते. त्यांनी फसवले नव्हते. आपल्याकडे सीकेपी घरांत वांग्यात सोडे पडले, तर ती भाजी सोड्यांची म्हणून ओळखली जाते. दाशीचे तसे नाही. भाजीत काय काय आहे हे सांगताना आपण मीठ मोजत नाही, तशा त्या दाशी मोजत नव्हत्या.

तोड त्यांनीच काढली. नवव्या दिवशी त्या कोंबुची पट्टी घेऊन दारात उभ्या राहिल्या. कोंबु म्हणजे होक्काइदोच्या थंड समुद्रातले वाळवलेले शेवाळ. १९०८ मध्ये इकेदा किकुनाए या तोक्योच्या रसायनशास्त्रज्ञाने याच कोंबुतून ग्लुटामेट वेगळे काढले आणि त्या चवीला उमामी हे नाव दिले. कात्सुओबुशीतला चवीचा घटक निराळा आणि सुक्या शिइताके अळिंबीतला आणखी निराळा. पण दोहोंपैकी कोणताही कोंबुच्या जोडीला आला की चव नुसती वाढत नाही, कित्येक पटींनी चढते. म्हणजे माशाचे काम अळिंबी करू शकते. मठांतल्या आचाऱ्यांना हे रसायनशास्त्राच्या कितीतरी आधी ठाऊक होते. झेन आचार्य दोगेन यांनी १२४४ मध्ये स्थापन केलेल्या एइहेइजी मठात आणि कोया पर्वतावरच्या मंदिरांत जे शोजिन जेवण मिळते, त्यात मांस-मासे नसतात आणि कांदा-लसूणही वर्ज्य. चातुर्मास पाळणाऱ्या माझ्या आत्याला मी कोया पर्वतावर नेले, तेव्हा तिने पहिल्यांदा काही न विचारता पान संपवले, आणि तिळाच्या तोफूची वाटी दुसऱ्यांदा मागितली.

आता कामाचे तेवढे सांगते. एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम कोंबु आणि दोन-तीन सुक्या शिइताके रात्रभर फ्रीजमध्ये भिजत घालाव्यात. कोंबुवरची पांढरी भुकटी बुरशी समजून धुऊ नये, त्यातही चव असते. ओल्या फडक्याने हलके पुसावे. सकाळी मंद आचेवर ठेवावे आणि उकळी फुटण्याआधी कोंबु बाहेर काढावा, नाहीतर पाणी बुळबुळीत होते. बाहेर जेवताना ‘मांस आहे का’ असे विचारूच नये, ‘कात्सुओ-दाशी आहे का’ असे विचारावे. नात्तो (आंबवलेले सोयाबीन) चालते, पण त्यासोबतच्या रसाच्या पुडीत बहुधा मासा असतो. ती बाजूला ठेवून सोया सॉस घालावा.

गेल्या हिवाळ्यात आजी आमच्याकडे जेवायला आल्या होत्या. आमटीचा पहिला घोट घेऊन त्यांनी वाटी खाली ठेवली आणि विचारले, ‘ही दाशी कशाची?’ मी म्हटले, दाशी नाही, नुसते पाणी आहे. त्यांनी माझ्याकडे जे पाहिले, ते सात महिन्यांनंतरचे माझेच पाहणे होते. शेवटी मी हिंगाची डबी उघडून त्यांच्या हातात दिली. आजींनी वास घेतला, चटकन झाकण लावले आणि वाटी पुन्हा पुढे केली.