श्वास पूर्ण मिनिट मोजा

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचे टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट तपासायला बसले की एक गंमत हमखास दिसते. ताप वेगवेगळा, नाडी वेगवेगळी, श्वास मात्र अख्ख्या वॉर्डाचा एकजात २०. मी चार्ट परत देते. "जा, छातीकडे बघ आणि पूर्ण मिनिट मोज." पंधरा सेकंद मोजून चारने गुणलेलं मी धरत नाही, कारण श्वास, त्यातून लहान बाळाचा, एका लयीत चालत नाही.

मुली कंटाळतात, कंटाळू देत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, त्यापुढे वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त असेल, तर तो जलद. खोकणाऱ्या मुलात असा श्वास दिसला की न्यूमोनियाची शंका घ्यायची, आणि दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर थेट दवाखान्यात पाठवायचं. एक्स-रे लागत नाही, लॅब लागत नाही. लागतं ते सेकंदकाट्याचं घड्याळ, शांत बाळ (रडत असेल तर थांबा) आणि नीट शिकलेली नर्स. यातलं घड्याळ कुठेही मिळतं, नीट शिकलेली नर्स नाही.

इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांना हाच अनुभव आला होता. पत्नीच्या शेवटच्या आजारात घरी ठेवलेल्या नर्सचं काम त्यांनी पाहिलं आणि १८५९ मध्ये तिलाच गरीब वस्तीत घरोघर पाठवलं. उपयोग एवढा झाला की आणखी नर्स हव्या झाल्या. पैसे द्यायला ते तयार होते, पण शिकलेल्या नर्सच नव्हत्या. त्यांनी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना विचारलं. सल्ला आला: आधी प्रशिक्षणाची शाळा काढा.

आजही अभ्यासक्रमात आयसीयूच्या पोस्टिंगचा केवढा रुबाब! कम्युनिटी पोस्टिंग, म्हणजे वस्तीत घरोघर जायचं काम, म्हटलं की मुलींना सुट्टी वाटते, आणि खरं सांगायचं तर काही शिक्षकांनाही. बॅग टेक्निक घोकून घेतात: कागद पसरा, बॅग त्यावर ठेवा, हात धुवा, मगच सामान काढा. ते हवंच. पण होम व्हिजिटचा जीव बोलण्यात आहे. टीबीच्या पेशंटला "गोळ्या घेता ना?" विचारलं की उत्तर "हो" येणारच. "पाकीट दाखवा बरं" म्हटलं की उरलेल्या गोळ्या दिसतात. मग रागवायचं नाही, गोळी घेतल्यावर काय होतं ते विचारायचं. मळमळतं म्हणून बंद केल्या, की बरं वाटलं म्हणून? दोन्हींवर करायचं काम वेगळं. बरं वाटलं म्हणून सोडलेला टीबी परत उलटतो, औषधांना दाद न देणाराही होऊ शकतो, आणि तो त्या एका घरापुरता राहत नाही.

हे सरावाच्या पुतळ्यावर शिकवता येत नाही, पुतळा खोटं बोलत नाही. म्हणून यंदा प्रॅक्टिकल परीक्षेत मी एक स्टेशन वाढवलं. समोर पेशंट म्हणून एक सहकारी बसते, गोळ्या बंद केल्याचं लपवते, आणि ते काढून घ्यायला पाच मिनिटं मिळतात. पाच मिनिटं उपदेश करून बाहेर पडलेल्यांत वर्गातल्या हुशार मुलीच जास्त होत्या. तक्रारी आल्या, हे सिलॅबसमध्ये कुठे आहे म्हणून. पुढच्या वर्षी त्याच स्टेशनवर खोकणारं बाळ घेऊन आलेली आईही बसवणार आहे.